गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म : ९ मे १८६६, कोतळूक, मृत्यू : १९ फेब्रुवारी १९१५, पुणे) हे शिक्षक, अर्थशास्त्राचे अभ्यासक, विधिमंडळपटू आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक होते. नेमस्त राजकारणाचे अग्रणी आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून ते ओळखले जातात. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला आणि महिन्याभरातच त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. गोखल्यांच्या पुढील आयुष्याची शिस्त समजून घ्यायची, तर त्यावर अधिक थांबावे लागते.

जन्म आणि शिक्षण

गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. हे गाव आज गुहागर तालुक्यात आहे. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल जहागिरीत नोकरीला होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत राहिले. १८८१ मध्ये गोपाळराव मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ साली त्यांनी बी. ए. ची पदवी मिळवली.

अध्यापन आणि सार्वजनिक कार्याचा आरंभ

१८८५ च्या आरंभी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले. त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले आणि पुढे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. वीस वर्षे सेवा आणि महिना पंचाहत्तर रुपये वेतन, अशी ही प्रतिज्ञा होती. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय वाट्याला येत ते ते शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक वर्षे शाळांतून चालले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी याच काळात संबंध जुळला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लिहिताना एकेक आकडा सरकारी अहवालाशी ताडून पाहण्याची सवय रानड्यांनी त्यांना लावली. लेखात चूक आढळली की पुन्हा लिहून आणायला सांगत. आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या 'सुधारक' पत्राच्या इंग्रजी विभागाचे कामही गोखल्यांनी काही वर्षे पाहिले. १८९० पासून ते सार्वजनिक सभेचे चिटणीस होते. सभा टिळकांच्या पक्षाच्या ताब्यात गेल्यावर रानड्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली, तेव्हा गोखले तिच्या कामात शिरले.

इंग्लंडचा पहिला दौरा

हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास डेक्कन सभेने गोखल्यांना पाठविले. दिनशा वाच्छा यांच्याबरोबर ते १८९७ च्या मार्चमध्ये निघाले. वाटेत कॅले येथे झालेल्या अपघातात छातीला जबर मार बसला आणि लंडनला पोचल्यावर काही दिवस अंथरुणावर काढावे लागले. एप्रिलमध्ये झालेली त्यांची साक्ष मात्र उत्तम वठली. लष्करी खर्च, वरच्या जागांवरील गोऱ्यांची मक्तेदारी आणि शेतसाऱ्याचा भार यांविषयी त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. उलटतपासणीत त्यांना कोणी अडवू शकले नाही. एकतीस वर्षांच्या त्या प्राध्यापकाचे नाव इंग्लंडमधील उदारमतवादी वर्तुळात एकदम घेतले जाऊ लागले.

पुण्यातील प्लेग

गोखले परदेशात असताना पुण्यात वेगळेच घडत होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत आढळलेला प्लेग वर्षअखेरीस पुण्यात पोचला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. साऱ्याचे असिस्टंट कलेक्टर म्हणून साताऱ्यास असलेले वॉल्टर चार्ल्स रँड यांची पुण्याच्या प्लेग कमिटीवर नेमणूक झाली. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या आणि ही मोहीम १९ मेपर्यंत चालली. रोगी लपविलेले आहेत काय हे पाहण्यासाठी सैनिक माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. सामान बाहेर फेकले जाई, कधी जाळले जाई. स्त्रियांना घराबाहेर, वाटेवर उभे करून तपासल्याच्या तक्रारी गावभर होत्या.

या काळात काय घडले हे आज कागदपत्रांतून पाहू गेल्यास एक गोष्ट लक्षात येते. रँड यांनी तयार केलेल्या अहवालात, कोणत्याही स्त्रीच्या शीलाचा हेतुपुरस्सर अवमान झाल्याची विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सैन्यावरील अधिकाऱ्यांकडे आली नाही, याबद्दल समाधान नोंदविलेले आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच ती नोंदवायची, आणि तिथे ती आली नाही म्हणून काही घडलेच नाही असे धरायचे, अशी ही रचना होती. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात 'बाँबे गार्डियन' या पत्रातून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील व्यवस्था आणि तेथे स्त्रियांना असलेला धोका यांविषयी उघडपणे लिहिले होते. त्याचा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला आणि मुंबई सरकारने रमाबाईंचे म्हणणे फेटाळून लावले. रमाबाई या ख्रिस्ती झालेल्या, इंग्लंड-अमेरिकेत परिचित असलेल्या विदुषी होत्या. त्यांच्या शब्दाची ही गत, तर पेठेतल्या एखाद्या घरातील सुनेचे म्हणणे कोण ऐकणार होते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

आरोप आणि माफी

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलै रोजी. हे कृत्य चापेकर बंधूंचे होते हे पुढे उघड झाले. इंग्लंडच्या वृत्तपत्रांत पुण्याच्या ब्राह्मणांवर एकच आग पाखडली जाऊ लागली.

पुण्यातील मित्रांची पत्रे गोखल्यांकडे येत होतीच. खुनामागची लोकांची चीड इंग्रज जनतेला कळावी या हेतूने त्यांनी जुलैच्या आरंभी हिंदुस्थानविषयी आस्था असलेल्या पार्लमेंटच्या सभासदांपुढे आणि 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रापुढे पत्रांतील मजकूर ठेवला. त्यात सर्वांत गंभीर बाब ही होती, की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने नंतर आत्महत्या केली. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आपल्या अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन आरोप खोटा व दुष्ट हेतूने रचलेला असल्याचे कळविले. आता पुरावा देण्याची जबाबदारी गोखल्यांवर आली.

ते हिंदुस्थानाकडे निघाले, त्या दिवसांत पुण्याचे वातावरण पार बदलले होते. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालविता, स्थानबद्ध करण्यात आले. शहरावर जादा पोलीस बसविले होते. अशा वेळी, आपण लिहिलेले खरे आहे असे पुढे येऊन सांगणे म्हणजे आपल्या घरादारावर संकट ओढवून घेणे होते. पत्रे लिहिणाऱ्यांनी आपली नावे उघड करू नयेत अशी विनवणी गोखल्यांना केली. मुंबईच्या बंदरात बोट लागताच पोलीस कमिशनर व्हिन्सेंट यांनी त्यांची गाठ घेतली. गोखल्यांनी चौकशी करून पाहिली. आरोप शाबीत करता येईल असे काहीही कोणी द्यायला तयार नव्हते.

रानडे आणि इतर वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय झाल्यावर ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी वृत्तपत्रांतून बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नर, प्लेग कमिटीचे सभासद आणि मोहिमेवरील सैनिक अशा तिघांची ती माफी होती. पत्रलेखकांची नावे त्यांनी कधीही उघड केली नाहीत. आपली सुटका करून घेण्याचा हा एक मार्ग त्यांना मोकळा होता, तो त्यांनी घेतला नाही.

माफीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी त्यांना खोटे ठरविले, तर स्वकीयांनी भित्रे. तुरुंगात असलेल्या टिळकांनी माफीचा सल्ला नाकारला होता, त्यामुळे लोकांच्या मनात सहजच तुलना झाली. ही तुलना न्याय्य म्हणता येणार नाही. टिळक आपल्या स्वतःच्या लेखांबद्दल उत्तर देत होते. गोखल्यांना दुसऱ्यांनी पाहिलेल्या, तिसऱ्यांवर गुदरलेल्या प्रसंगांबद्दल उत्तर द्यायचे होते आणि मधले सारे साक्षीदार गप्प होते. तरी एक दोष त्यांच्या पदरी राहतोच. शहानिशा करता येईल अशी स्थिती नसताना, हजारो मैल दूर बसून, इतका गंभीर आरोप त्यांनी केवळ खासगी पत्रांच्या बळावर जाहीर केला. रानड्यांच्या हाताखाली घडलेल्या माणसाकडून हे व्हायला नको होते.

चौकशी का झाली नाही

त्या दोन स्त्रियांविषयीचा आरोप खरा की खोटा, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयाने केला नाही. माफीने प्रकरण मिटले असे सरकारने मानले आणि सैनिकांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी झाली नाही. याची कारणे त्या काळच्या कायद्यात आणि समाजात सापडतात.

साथरोग कायद्याच्या चौथ्या कलमाने, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा वा कारवाई चालणार नाही असे संरक्षण दिले होते. बलात्कार काही सद्भावनेत बसत नाही. पण तपासणीच्या नावाखाली केलेली अंगचटी, धक्काबुक्की, विवस्त्र करणे यांबाबत संशयाचा फायदा कोणाकडे झुकणार हे यातून ठरून गेले. दुसरे असे, की इल्बर्ट विधेयकाच्या वादानंतर १८८४ मध्ये झालेल्या तडजोडीने गोऱ्या आरोपीला, निम्मे तरी सभासद युरोपीय किंवा अमेरिकन असलेल्या ज्यूरीची मागणी करण्याचा हक्क मिळाला होता. पुण्यातील एखादी बाई इतके करून कोर्टात उभी राहिली असती, तरी तिच्यासमोर बसणारे पंच आरोपीच्या जातकुळीचे असते.

समाजाकडूनही तिला आधार नव्हता. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव बाहेर आले तर घराण्याला बट्टा, विवाह मोडण्याची भीती, जातीचे बहिष्कार असे सारे तिच्याच वाट्याला येई. घरच्या पुरुषांनी गप्प बसणे पसंत केले असल्यास नवल नाही. अशा गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यावर भारतीय कायद्याने बंदी घातली ती थेट १९८३ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीतील मथुरा प्रकरणानंतर झालेल्या दुरुस्तीने. पोलीस व सरकारी नोकर यांनी कोठडीत वा अधिकाराच्या जोरावर केलेल्या बलात्कारासाठी वेगळी शिक्षाही त्याच दुरुस्तीने आली. म्हणजे गोखल्यांच्या माफीनंतर ८६ वर्षांनी.

माफीनंतरची वर्षे

१८९७ च्या अखेरीस अमरावती येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गोखल्यांविषयीचा अनेकांचा रोष मावळलेला नव्हता. पुढच्या वर्षी प्लेग पुन्हा आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून शहरात राबले. ज्या कामातील गैरवर्तनाबद्दल बोलून त्यांनी मानहानी पत्करली, तेच काम त्यांनी स्वतः हाती घेतले, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केली.

१८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. दुष्काळात सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी परत देताना त्यांवर विक्री-गहाणाची बंधने घालणारी ही दुरुस्ती होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गुजरातबरोबर खानदेशही होरपळला होता. त्या वेळी आजचा नंदुरबार जिल्हा अखंड खानदेश जिल्ह्यात मोडत असे, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनाही हा कायदा लागू होणार होता. गोखल्यांनी विरोधात सविस्तर भाषण केले आणि सरकार ऐकत नाही असे पाहून फिरोजशहा मेहता व इतर सहकाऱ्यांबरोबर सभात्याग केला.

केंद्रीय विधिमंडळात

मेहतांच्या जागी केंद्रीय विधिमंडळावर निवड झाल्यानंतर २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. खजिन्यात शिल्लक दिसते ती देशाच्या भरभराटीची खूण नसून जास्त कर घेतल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारी आकड्यांनीच दाखवून दिले. त्याच वर्षी ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्यानंतर दरवर्षीच्या अंदाजपत्रकी चर्चेत त्यांच्या भाषणाची वाट पाहिली जाई. मिठावरील कर, लष्करी खर्च, हिंदी लोकांना वरच्या नोकऱ्या, न्यायदान आणि कारभार यांची फारकत हे त्यांचे नेहमीचे विषय. कलेक्टरनेच पोलिसांवर हुकमत चालवावी आणि त्यानेच न्यायनिवाडा करावा ही व्यवस्था मोडल्याशिवाय अधिकाऱ्यांवर वचक बसणार नाही असे ते सांगत.

१९०३-०४ मधील सरकारी गुपितांच्या कायद्याच्या दुरुस्तीला त्यांनी केलेला विरोध या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लष्करी गुपितांपुरता असलेला कायदा नागरी कारभारालाही लावावा असा लॉर्ड कर्झनच्या सरकारचा बेत होता. यामुळे एखाद्या अधिकाऱ्याचे गैरवर्तन उघडकीस आणणारा संपादकच गुन्हेगार ठरेल आणि आधीच मोजकी असलेली टीकेची साधने हिंदी लोकांच्या हातून जातील, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. गोऱ्यांच्या मालकीच्या वृत्तपत्रांनाही हा कायदा नको होता. टीकेनंतर विधेयकात काही फेरफार झाले, तरी मार्च १९०४ मध्ये ते संमत झाले. त्या सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले असे. १९१० च्या प्रेस कायद्याच्या वेळी मात्र गोखल्यांनी तसा कडवा विरोध केला नाही, याबद्दल त्यांना दोष दिला गेला आणि तो अनाठायी म्हणता येत नाही.

१८९७ नंतर त्यांच्या भाषणांत ऐकीव गोष्टी जवळजवळ दिसत नाहीत. जे सांगायचे ते सरकारच्याच अहवालातून, पानाच्या आधाराने. ही शिस्त रानड्यांची हे खरेच; पण माफीच्या त्या ऑगस्टने ती हाडीमांसी खिळवली असावी.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारस येथील काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

गिरमिट पद्धतीविरुद्धचा लढा

नाताळ, फिजी, मॉरिशस, वेस्ट इंडीज येथील मळ्यांवर पाच वर्षांच्या कराराने हिंदी मजूर पाठविण्याच्या पद्धतीला मजूर गिरमिट म्हणत. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविल्याच पाहिजेत असा नियम होता. ही संख्या भरून काढण्यासाठी भरती करणारे दलाल तीर्थयात्रेला निघालेल्या, घरातून भांडून बाहेर पडलेल्या, विधवा अशा स्त्रियांना फसवून डेपोत आणीत. मळ्यावर त्या मुकादम आणि गोऱ्या देखरेख्यांच्या तावडीत सापडत. काम सोडून जाणे हा गुन्हा असल्याने पळून जाण्याचीही सोय नव्हती.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळसाठी होणारी भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारने स्वीकारला आणि १९११ मध्ये ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. सरकारने नेमलेल्या समित्यांचे अहवाल, मजुरांवरील खटल्यांची संख्या, आत्महत्यांचे प्रमाण यांच्या आधारे त्यांनी ही पद्धत अमानुष आणि अनीतीला जन्म देणारी असल्याचे मांडले. स्त्रियांच्या अवस्थेचा मुद्दा त्यांनी टाळला नाही. पंधरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या स्त्रियांविषयी बोलताना त्यांच्या हाती फक्त पत्रे होती. या वेळी सरकारचेच कागद होते आणि एकही विधान मागे घ्यावे लागले नाही. बिनसरकारी हिंदी सभासदांचा पाठिंबा असूनही सरकारी बहुमताने ठराव फेटाळला गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गांधींच्या निमंत्रणावरून ते दक्षिण आफ्रिकेत गेले. करार संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा डोईकर उठविण्याचे आश्वासन तेथील मंत्र्यांनी आपल्याला दिले असे त्यांनी सांगितले. हा कर स्त्रियांनाही भरावा लागे. आश्वासन पाळले गेले नाही तेव्हा १९१३ चा सत्याग्रह झाला आणि १९१४ मध्ये कर रद्द झाला.

अखेरचे दिवस

१९१२ पासून हिंदुस्थानातील सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी प्रकृतीची पर्वा न करता काम केले. मधुमेह आणि हृदयविकार बळावत गेला. १९१४ साली देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद राहिले ते टिळक अंत्यसंस्काराला उपस्थित होते आणि त्यांनी तेथे गोखल्यांचा गौरव केला.

गिरमिटाची भरती १९१७ साली थांबली. फिजीतील उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द करण्यात आले. भारत सेवक समाजाच्या आवारातच १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली.